आरशात न दिसणारा तीळ

(पौड, ता. मुळशी येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. छापताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. या व्यासपीठावर इतिहास होतो, संतसाहित्य होते, शेतीचे अर्थकारण होते. आणि यंदा एक कातडीचा डॉक्टर उठून तासभर तिळावर बोलणार! संयोजकांचा आग्रह मी मधुमेहावर बोलावे असा होता. तरी मी तीळच मागून घेतला. दवाखान्यात येणाऱ्या माणसाचे बोट चेहऱ्यावरच्या तिळाकडे असते, आणि मला मात्र त्याला पायातली चप्पल काढायला सांगायची असते. आमच्या दोघांच्या नजरेतल्या या फरकाबद्दल मला बोलायचे आहे.

आधी तीळ म्हणजे काय ते पाहू. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या किती रंग तयार करतात आणि शेजारच्या पेशींना तो कसा वाटतात, यावर माणसाचा वर्ण ठरतो. एरवी या पेशी एकमेकींपासून अंतर राखून बसलेल्या असतात. काही ठिकाणी त्या घोळक्याने जमतात आणि तिथे तीळ दिसतो. सुरुवातीला तो सपाट आणि गडद असतो. वय वाढते तशा पेशी कातडीत खोल उतरतात, तीळ वर उचलला जातो, मऊ होतो, रंग फिका पडतो, कधी त्यातून एखादा जाड केसही येतो. या केसाची लोकांना फार भीती. वास्तविक केस येणारा तीळ बहुधा साधाच असतो, आणि केस उपटल्याने त्याचा कॅन्सर होत नाही. लहानपणापासून तिशी-चाळिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात, उतारवयात काही विरूनही जातात. गरोदरपणात ते थोडे गडद होऊ शकतात. शंभरात एखादे मूल तीळ घेऊनच जन्माला येते. तो लहान असेल तर नुसते लक्ष ठेवायचे. वीतभर पसरलेला, केसाळ असा असेल तर मात्र मूल तान्हे असतानाच तज्ज्ञाला दाखवायचे, कारण त्यात पुढे बिघाड होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

कधी एखाद्या पोराच्या पाठीवरच्या तिळाभोवती पांढरे कडे उमटते. घरात लगेच 'कोड' हा शब्द कुजबुजला जातो आणि मुलीचे असेल तर रडारड सुरू होते. शरीराच्या संरक्षक पेशींनी त्या तिळावर हल्ला केल्याने ते कडे उमटते. बहुतेक वेळा तीळ हळूहळू नाहीसा होतो, आणि पांढरा भागही पुष्कळदा भरून येतो. अंगावर इतरत्र पांढरे डाग नाहीत ना, एवढे पाहून घ्यायचे. चाळिशीनंतर पहिल्यांदाच असे कडे दिसले तर मात्र डॉक्टरने सगळे अंग नीट तपासायला हवे.

लोक तीळ, मस, चामखीळ, लासे हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. चाळिशीच्या पुढच्या बायका सांगतात, "डॉक्टर, गालावर तीळ वाढत चाललेत." डोळ्यांखाली, गालाच्या उंचवट्यावर, मानेवर मोहरीएवढे काळे-तपकिरी दाणे. आईला होते, मावशीला आहेत. हे तीळ नव्हेतच. कातडीच्या वरच्या थराची ती बारीक वाढ आहे. आल्दो कॅस्टेलानी नावाच्या इटालियन डॉक्टरने १९२५ मध्ये तिला डर्माटोसिस पॅप्युलोसा नायग्रा असे लांबलचक नाव दिले. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांत ती फार आढळते आणि घराण्यात चालत येते. तिचा कॅन्सर होत नाही. काढता येते, पण आज काढली तरी चार वर्षांनी शेजारी नवे दाणे येणारच, हे आधी सांगून टाकलेले बरे.

मानेवर आणि काखेत लोंबणारे मऊ मस हे आणखी वेगळे. त्यांच्यासाठी कोणी आले की मी त्याची मान पाहतो. मानेची कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर मस बाजूला ठेवून आधी रक्तातली साखर तपासायला लावतो. वजन, मधुमेह आणि हे मस यांचे नाते जुने आहे. तेव्हा संयोजकांनी निराश होऊ नये, मधुमेह या व्याख्यानात आलाच.

चामखीळ विषाणूने होते. ती खरखरीत असते, पसरते, दाढीच्या ब्लेडने गालभर एका रेघेत पेरलीही जाते. मुलांच्या अंगावरच्या चामखिळी पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप झडतात. म्हणून प्रत्येक गावात चामखिळीवर हमखास उपाय सांगणारा एक माणूस असतो, आणि त्याला यशही येते. कोणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधतो, कोणी रुईचा चीक लावतो. ज्या चामखिळी आपल्या आपण गेल्या त्यांचे श्रेय त्याच्या खाती जमा होते. ज्यांच्या राहिल्या ते लोक दवाखान्यात येतात.

आणि साठीच्या पुढच्या माणसाच्या नाकाच्या कडेला किंवा डोळ्याच्या कोपऱ्याशी नवा काळा 'तीळ' उगवला, त्याची कड मोत्यासारखी चकाकते, मध्ये खळगा पडतो, खपली धरते, निघते, रक्त येते, पुन्हा खपली धरते, तर तो तीळ समजू नका. गोऱ्या माणसांत हा कॅन्सर गुलाबी दिसतो. आपल्याकडे तो बहुधा काळा असतो आणि म्हणून तिळात खपून जातो. बेसल सेल कार्सिनोमा हे त्याचे नाव. शरीरात लांब पसरण्याची त्याची वृत्ती नाही, पण दुर्लक्ष केले तर नाक, पापणी खात जातो. वेळेत कापून काढला की बरा होतो.

आपल्या वैद्यांना ही वर्गवारी ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ. त्यात कातडीच्या पातळीवरचा, न दुखणारा, तिळाएवढा काळा डाग तो तिलकालक; उडदाएवढा, वर आलेला, घट्ट तो मषक; आणि जन्मापासून असलेला तो जतुमणी, असे भेद केले आहेत. चिकित्सास्थानात उपाय दिला आहे: आधी शस्त्राने काढावे, मग क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू डागावे. या क्रमाकडे लक्ष द्या. शस्त्र आधी, डाग नंतर. आज रस्त्याकडेला चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तिळावर ठेवणारा स्वतःला परंपरेचा वारस म्हणवतो. त्याने सुश्रुताचा पहिला अर्धा भाग वगळला आहे. तो फक्त जाळतो. किती खोल जळेल यावर त्याचा ताबा नसतो. बिब्ब्याचेही तसेच. बिब्ब्याचे तेल उतू गेले की शेजारची चांगली कातडी फोडांनी भरून येते आणि तिळाच्या जागी बोटभर काळा डाग कायमचा राहतो.

आता सुंदरतेच्या बाजूकडे वळतो, कारण दवाखान्यात येणारे बहुतेक त्याचसाठी येतात.

आपण फार गमतीची माणसे आहोत. बाळ जन्मले की आजी त्याच्या गालावर काजळाची तीट लावते, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे गोऱ्या-गोमट्या गालावर मुद्दाम एक काळा ठिपका काढायचा. याच खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर, कपाळावर गोंदणाचे हिरवट ठिपके अजून दिसतात. जत्रेत बसून, सुया टोचून घेऊन, पैसे मोजून ते करून घेतलेले. ठिपका शोभेचा होता आणि रक्षणाचाही होता. त्याच घरातल्या नातीला बाविसाव्या वर्षी स्थळे सांगून येऊ लागली की देवाने फुकट दिलेला ठिपका काढायला पिरंगुटपासून बाणेर-कोथरूडपर्यंत दवाखाने पालथे घातले जातात. सामुद्रिकाच्या स्वस्त पुस्तकात ओठावरचा तीळ एका पानावर भाग्याचा, दुसऱ्यावर भांडखोरपणाचा. मुलाकडच्यांनी कोणते पान वाचले आहे, ते आधी कळायला मार्ग नाही.

अशी मुलगी समोर बसते तेव्हा ती गप्प असते आणि तिची आई बोलते. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो. हा तीळ धोक्याचा आहे का, हे मी सांगायचे. तो हवा की नको, हे जिच्या गालावर आहे तिने. या दोन प्रश्नांची आपण इतकी सरमिसळ केली आहे की बिनधोक तिळासाठी माणसे रात्र-रात्र जागतात, आणि सासूने नाक मुरडले म्हणून सून कॅन्सरची भीती सांगत माझ्याकडे येते. भीती सांगितली की घरातून पैसे मिळतात, 'मला आवडत नाही' म्हटले की मिळत नाहीत.

हौसेसाठी तीळ काढण्यात मला काही गैर वाटत नाही. दाढी करताना रोज कापला जाणारा तीळ, ब्लाउजच्या पट्टीखाली घासणारा, मंगळसूत्रात अडकणारा मस, किंवा नुसताच नकोसा वाटणारा, यापैकी कोणतेही कारण पुरेसे आहे. फक्त बदल्यात काय घेता ते समजून घ्या. तीळ काढला की त्या जागी व्रण येतो. तो बारीक असेल, पण असेल. छाती, खांदा आणि कानाची पाळी या जागा वाईट. तिथे व्रण फुगून गाठीसारखा वाढू शकतो. त्याला किलॉइड म्हणतात आणि तो तिळापेक्षा हट्टी असतो. घरात कोणाला कान टोचल्यावर अशी गाठ आली असेल तर छातीवरचा तीळ तसाच राहू द्या. आपल्या वर्णात आणखी एक भानगड आहे. जखम भरली तरी तिथे काळसर छटा काही महिने रेंगाळते. लग्न आठ दिवसांवर आले असताना तीळ काढायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो. हळदीच्या दिवशी गालावर तिळाऐवजी खपली घेऊन बसायचे आहे का? तीन-चार महिने आधी या.

काढण्याच्या पद्धती मोजक्याच आहेत. वर आलेला, मऊ, वर्षानुवर्षे तसाच असलेला तीळ ब्लेडने कातडीच्या पातळीत छाटून उरलेला तळ रेडिओफ्रिक्वेन्सीने सारखा करता येतो. भूल देण्याचे इंजेक्शन तेवढे चुणचुणते. काम पंधरा मिनिटांचे. आठ-दहा दिवसांत खपली पडते. ती नखाने काढायची नाही, आणि उन्हापासून जागा जपायची. यात तिळाच्या खोल पेशी राहू शकतात, त्यामुळे काही महिन्यांनी रंग परत दिसला तर घाबरू नका. पण तो परत आला हे डॉक्टरला कळवा, कारण अर्धवट काढलेला तीळ परतताना वेडावाकडा दिसतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा फसवतो. सपाट, खोल किंवा संशयाचा तीळ मात्र लांबट कापून, पूर्ण जाडीने काढून टाके घालायचे. चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत निघतात, पाठीवरचे आणखी उशिरा. लेझरचे फलक आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. गालावरच्या बारीक दाण्यांना लेझर छानच. पण लेझर आणि दाहक यंत्र जे जाळते त्यातले काही शिल्लक उरत नाही. काय जाळले ते कोणालाच कळत नाही.

'तीळ छेडला की कॅन्सर होतो' ही समजूत इथूनच आली असावी. तीळ काढल्याने कॅन्सर होत नाही. एखाद्याच्या अंगावर तीळ म्हणून जे होते ते मुळातच कॅन्सर होते, कोणीतरी ते न तपासता जाळले, वरची कातडी भरून आली, खाली ते वाढत राहिले, आणि वर्षाने काखेत नाहीतर जांघेत गाठ आली. लोकांनी दोन घटना जोडल्या आणि दोष शस्त्राला दिला. दोष न तपासण्याचा होता. म्हणून डॉक्टर असो वा पार्लर, काढणारा जर "तुकडा तपासायला पाठवायची गरज नाही" म्हणाला आणि त्याचे कारण त्याला सांगता आले नाही, तर उठून या. पार्लरमध्ये तर मुळात बसूच नका.

या कॅन्सरला मेलॅनोमा म्हणतात. रंगाच्या पेशींचाच तो कॅन्सर. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात दरवर्षी लाखामागे साठहून अधिक लोकांना तो होतो. आपल्याकडे लाखात एकालाही नाही. गोरी कातडी आणि तिथले ऊन हे त्यांच्याकडचे मुख्य कारण. तिकडे स्थायिक झालेली आपली मुले वर्षातून एकदा अंगभर तिळांची तपासणी करून घेतात, आणि मग सिडनीहून आईला फोन येतो, "तूही करून घे." आईच्या अंगावरचे तीस तीळ मी भिंगातून पाहावेत अशी मुलाची इच्छा असते. मी पाहतो. पण त्या मुलाला हे ठाऊक नसते की आईच्या बाबतीत ऊन लागणाऱ्या जागा पहिल्या नव्हेत. आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांना मेलॅनोमा झालाच तर तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंडाच्या आत होतो. तळपायाला ऊन लागत नाही. जपानी डॉक्टरांनी तळपायावरच्या मेलॅनोमांच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा चालताना जास्त भार पडणाऱ्या भागांत ते अधिक आढळले. दाब आणि घर्षण यांचा काहीतरी हात असावा असे त्यावरून वाटते.

आणि मुळशीत तळपाय म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. मृग लागला की चिखलणी, मग आवणी. दिवसचे दिवस पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना भेगा, कधी बोरीबाभळीचा काटा मोडलेला, कुठे कुरूप. अशा पायावर एक काळा डाग उमटला तर कोण त्याच्याकडे पाहणार? काटा आत राहिला असेल म्हणून बिब्ब्याचा चटका दिला जातो. कुरूप समजून ब्लेडने खरवडले जाते. दगड लागला असेल, रक्त साकळले असेल, असे म्हणत सुगी निघून जाते. दुखत नाही, हे तर सगळ्यात मोठे संकट. दुखले असते तर माणूस आला असता. पाय चिघळतो, चप्पल घालवत नाही, तेव्हा घरचे त्याला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणतात. तोपर्यंत जांघेत गाठ आलेली असते.

न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये संशयास्पद तीळ ओळखायला एक चारअक्षरी सूत्र काढले, २००४ मध्ये त्यात पाचवे अक्षर घातले. तीळ मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जुळतात का, कड वेडीवाकडी आहे का, एकाच डागात तीन-चार रंग आहेत का, तो ६ मिलिमीटरहून मोठा आहे का, आणि पाचवे म्हणजे तो बदलतो आहे का. हे सूत्र उपयोगाचे आहे, पण ते गोऱ्या पाठींकडे पाहून बनलेले आहे. माझ्या मते आपल्यासाठी पाचवा प्रश्न पहिला. जन्मभर जसाच्या तसा राहिलेला काळाकुट्ट तीळ मला घाबरवत नाही. पन्नाशीनंतर नव्याने आलेला, सहा महिन्यांत पसरलेला, अंगावरच्या बाकीच्या तिळांशी अजिबात न जुळणारा, तो घाबरवतो. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून उगवत नाहीत, सुरुवातीपासूनच स्वतंत्र उगवतात. म्हणूनच 'पुढे कॅन्सर होऊ नये' म्हणून अंगावरचे सगळे तीळ काढून टाकणे हा शुद्ध खर्च आहे.

तळपायावरच्या डागाकडे भिंगातून पाहण्याची एक सुरेख रीत जपानचे तोशिआकी साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. ती इथल्या शेतकऱ्याला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर समजते. तळपायाची आणि तळहाताची कातडी म्हणजे सरी-वरंब्याचे रान. साधा तीळ असेल तर काळा रंग सऱ्यांमध्ये साचलेला दिसतो. मेलॅनोमा असेल तर तो वरंब्यांवर चढतो. डर्मोस्कोप नावाच्या हातातल्या भिंगातून हे दोन मिनिटांत दिसते, कापाकापी लागत नाही. रंग सरीत असेल आणि डाग लहान असेल तर माणसाला निर्धास्त घरी पाठवता येते. तळपायावरचा डाग ७ मिलिमीटरहून मोठा झाला तर त्याच्याकडे जास्त बारकाईने पाहायचे, असा त्यांचा दंडक आहे.

नखांचेही सांगतो. नखावर दार आपटले, दगड पडला की नख काळे होते. पण ते काळे नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख साधारण सहा महिन्यांत पूर्ण बदलते, पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्षात. काळे पुढे सरकत नसेल तर ते रक्त नव्हे. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात, त्यांची काळजी नको. एकाच नखावर, मोठेपणी आलेली, रुंदावत जाणारी काळी पट्टी, आणि तिचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरलेला, अशी पट्टी दिसली तर थांबू नका. ज्या गायक बॉब मार्लीचे चित्र असलेले टी-शर्ट घालून आपली पोरे ताम्हिणीत पावसाळी सहलीला येतात, त्याचा अंत याच आजाराने झाला. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलमधला मार समजला गेला. १९७७ मध्ये निदान झाले, अंगठा काढण्याचा सल्ला त्याने मानला नाही, आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

वेळेत सापडलेला, मिलिमीटरभरापेक्षा पातळ मेलॅनोमा नुसता कापून काढला की बहुतेक माणसे बरी होतात. जाडी वाढली की हिशेब झपाट्याने बिघडतो; अमेरिकेतले अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही जाडी मोजायला शिकवले आणि आजही उपचार मोठ्या प्रमाणात त्या मापावर ठरतात. पुढच्या टप्प्यावर नवी औषधे आहेत, पण शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची.

अशा रुग्णाला मी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे नाव सांगतो तेव्हा या तालुक्यातला म्हातारा माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने पाहतो. मुळशीत टाटा म्हटले की त्यांच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे आठवतात, त्याविरुद्धचा १९२१चा सत्याग्रह आठवतो, त्याचे नेते सेनापती बापट आठवतात. ते विसरावे असे मी म्हणणार नाही, विसरूही नये. पण त्याच घराण्याच्या विश्वस्त निधीतून १९४१ मध्ये परळला उभे राहिलेले रुग्णालय आज आपल्या माणसांना हवे आहे, आणि तिथे जायला लाजण्याचे कारण नाही. जवळचे पाहायचे तर पुण्यात ससून आहे, लवळ्याला सिंबायोसिसचे रुग्णालय आहे. कॅन्सरचे निदान झाले तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. हौसेने तीळ काढायला मात्र ती योजना नाही.

"आम्ही डॉक्टर नाही, आम्ही काय ओळखणार?" असे कोणी म्हणेल, म्हणून बार्शीचे सांगतो. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते नोंदी घेत गावोगाव फिरले आणि फिरता फिरता लक्षणे सांगत गेले. काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. यंत्र नवे आले नव्हते. कोणीतरी ओट्यावर बसून बोलले होते. तिळाचे त्याहून सोपे आहे, कारण तो अंगाच्या बाहेर असतो. आपल्या आशाताईंनी मधुमेहाच्या रुग्णाचे पाय पाहताना तळव्यावरचा काळा डागही पाहिला तर वेगळा वेळ जाणार नाही. घरी एकट्याने पाहायचे तर आरसा जमिनीवर ठेवा आणि त्यावर पाय धरा. डाग दिसला तर शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, तारखेसह जपा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढा. फोटो खोटे बोलत नाही. "पहिल्यापासून एवढाच आहे" असे आपण बोलतो. वाढ दिसली, रक्त आले, की दुसऱ्या फोटोची वाट पाहू नका.

सभेआधी एकांनी चिठ्ठी पाठवली होती, तिचे उत्तर देऊन थांबतो. सेवापुस्तकात ओळखीची खूण म्हणून उजव्या गालावरचा तीळ लिहिला आहे, तो काढला तर निवृत्तिवेतनाला अडचण येईल का? आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे घेतात, तिळाची नोंद नसते. तरी काढण्याआधी डॉक्टरकडून तिळाच्या जागेसह एक चिठ्ठी लिहून घ्या आणि कार्यालयाला अर्ज देऊन दुसरी खूण नोंदवा. आणि काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासायला गेला का, ते तिथेच विचारा. बाटलीवर तुमचे नाव आणि 'उजवा गाल' असे लिहिलेले स्वतः वाचा. आठवड्याभरात अहवाल येतो. तो आणायला बहुतेक लोक परत येत नाहीत, टाके निघाले की विसरतात. अहवाल घ्या, वाचून घ्या, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर त्याच पिशवीत ठेवा. आता प्रश्न विचारायला हरकत नाही. ज्यांना पाय दाखवायचे आहेत त्यांनी खाली उतरल्यावर दाखवावेत, भिंग मी बरोबर आणले आहे.